जुन्या डिझेल मोटारीची नाडीपरीक्षा

मोटार उभी आहे, चालकाचा पाय पेडलावर नाहीं, आणि इंजिन मात्र चालू आहे. अशा वेळच्या त्याच्या मंद गतीस कारागीर लोक 'स्लो' म्हणतात. निकोप इंजिनाचा स्लो एका लयींत चालतो. परंतु जुन्या डिझेल मोटारींत पुष्कळदां ही लय बिघडते. आरसा थरथरूं लागतो, दारांच्या कांचा खडखडतात, आणि आंत बसलेल्या मनुष्याचे दांतहि त्यांस साथ देतात. कित्येक कुटुंबांचा चरितार्थ अशा एखाद्या जुन्या गाडीवर चालतो. तिचा मालक घाबरून गॅरेजांत जातो, तेथील मिस्त्री 'पंप गेला' असें सांगून मोकळा होतो, आणि महिन्याची कमाई एका दिवसांत खर्चीं पडते. गाडी मात्र पूर्वींसारखीच थरथरत राहते! पंप हा इंजिनाच्या सर्वांत महाग भागांपैकीं एक, आणि बहुधा सर्वांत शेवटीं दोषी ठरणारा भाग होय. तेव्हां त्याच्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं इतर काय काय पाहावयाचें, याचा येथें विचार करूं.

उदाहरणादाखल जर्मनींतील मर्सिडीज-बेंझ कारखान्याची '२४० डी' ही गाडी घेतों. इ. स. १९७६ मध्यें बाजारांत आलेल्या मालिकेंतील ही चार सिलिंडरांची गाडी तिकडील टॅक्सीवाल्यांच्या फार आवडीची होती. आपल्याकडील डिझेल अँबॅसडरची किंवा जुन्या जीपची मापें निराळीं असलीं, तरी तत्त्व तेंच आहे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोंक हातास गरम लागतें, हें प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक आहे. हवा दाबली कीं ती तापते, या साध्या नियमावर रुडॉल्फ डीझेल यानें आपलें इंजिन रचिलें व १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथें तें यशस्वी करून दाखविलें. २४० डी मध्यें हवा आपल्या मूळ आकारमानाच्या एकविसाव्या हिश्शांत कोंबली जाते. त्या तप्त हवेंत नोझलमधून डिझेलचा फवारा उडतांच तें आपोआप पेटतें. हा फवारा सुटण्यास नव्या नोझलला ११५ ते १२५ बार, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सुमारें १२० पट, दाब लागतो.

आतां थोडें गणित करूं. स्लोमध्यें हें इंजिन मिनिटास सुमारें ७५० फेरे करितें. प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदां पेटतो. म्हणजे चार सिलिंडर मिळून मिनिटास १५०० वेळां, सेकंदास २५ वेळां ज्वलन होतें. आणि प्रत्येक वेळीं फवारलें जाणारें डिझेल किती? मोहरीच्या दोन-तीन दाण्यांएवढें! गाडी भरधाव जात असतां हें प्रमाण कित्येक पटींनीं वाढतें, तेव्हां एका सिलिंडरास दाणाभर कमी मिळालें तरी कोणाच्या ध्यानींमनीं येत नाहीं. स्लोमध्यें मात्र तेवढ्यानें त्याची जवळजवळ निम्मी शिदोरी जाते. रस्त्यावर उत्तम पळणारी गाडी उभी राहतांच कां थरथरते, याचें उत्तर या हिशेबांत आहे.

प्रथम कानानें पाहावें. (व्याकरणशिक्षकांनीं या वाक्याबद्दल क्षमा करावी.) ठोके एकसारखे पडत आहेत आणि तरीहि गाडीचें अंग हलत आहे, तर इंजिन निर्दोष असून त्याखालचे रबरी आधार, ज्यांस गॅरेजांत 'फाउंडेशन' म्हणतात, ते बसले असण्याचा संभव आहे. वर्षानुवर्षें डिझेल व ऑईल ठिबकून रबर कुजतें. याउलट ठोका चुकत असेल, तर दोष आंत आहे.

मग धूर पाहावा. काळा धूर म्हणजे डिझेल अधिक वा हवा कमी. निळा म्हणजे ऑईल जळत आहे. पांढरा व डोळ्यांस झोंबणारा म्हणजे डिझेल न जळतांच बाहेर येत आहे. पहांटे गाडी थरथरते, पांढरा धूर सोडते, आणि मिनिट-दोन मिनिटांत ताळ्यावर येते, असें असल्यास हीटर प्लग तपासावे. २४० डी च्या पहिल्या कांहीं वर्षांच्या गाड्यांत हे प्लग एका माळेंत जोडलेले होते. एक गेला कीं चारहि थंड पडत व गाडी सुरूच होत नसे. पुढील गाड्यांत ते स्वतंत्र जोडले गेले, त्यामुळें एक गेला तर गाडी तीन सिलिंडरांवर सुरू होते आणि चौथा तापेपर्यंत लंगडते.

गरम झाल्यावरहि लंगडेपणा राहिला, तर डिझेलच्या नळ्यांकडे वळावें. इंजेक्टरांवरून परत जाणाऱ्या लहान विणीच्या नळ्या उन्हानें व उष्णतेनें चिरतात. हातपंपाची मूठ झिजून तेथून हवा आंत शिरते. फिल्टर गाळानें भरतो. डिझेल दाबलें जात नाहीं, हवा दाबली जाते. म्हणून नळींत बुडबुडा शिरला कीं पंपाचा जोर त्यास दाबण्यांतच खर्च होतो व नोझल उघडतच नाहीं. मुख्य फिल्टरच्या अलीकडे पारदर्शक लहान फिल्टर असतो. इंजिन चालू असतां त्यांत बुडबुड्यांची रांग दिसली, तर चोर सांपडला म्हणून समजावें. टाकीचें झांकण उघडतांना जोरानें 'सुस्स' असा आवाज आला, तर टाकीस हवा पुरविणारी वाट बुजली आहे. पावसाळ्यांत टाकींत पाणी सांचतें, तेंहि काढावें. या साऱ्याचा खर्च नव्या पंपाच्या मानानें अगदींच किरकोळ असतो, आणि कदाचित् म्हणूनच तो कोणी सुचवीत नाहीं.

एवढ्यानें न भागल्यास चारांपैकीं आळशी कोण, तें शोधावें. स्लो चालू असतां एकेका इंजेक्टरच्या नळीचा नट पान्यानें किंचित् सैल करावा. नट सैल करतांच इंजिन अधिक लंगडलें, तर तो सिलिंडर काम करीत होता. कांहींच फरक पडला नाहीं, तर अपराधी तोच. हें काम जाणत्या माणसानेंच करावें. डोळ्यांस चष्मा असावा, आणि फवारा कोठून येतो हें पाहण्यास बोट कदापि पुढें करूं नये. त्या दाबाचें डिझेल कातडींतून आंत शिरतें. वर सुई टोंचल्याएवढीच खूण दिसते, वेदनाहि आरंभीं थोडी असते, परंतु आंत मांस सडूं लागून बोट, प्रसंगीं हातहि, कापावा लागतो. असें झाल्यास घरगुती उपाय न करितां त्याच क्षणीं इस्पितळ गांठावें. बंद शेडमध्यें इंजिन चालवीत ठेवूं नये, हेंहि मुलांनीं लक्षांत ठेवावें.

आळशी सिलिंडर कळल्यावर त्याचा इंजेक्टर शेजाऱ्याच्या जागीं बसवून पाहावा. दोष इंजेक्टराबरोबर सरकला, तर नोझल बदलावें. खालचा वॉशर मात्र दर वेळीं नवाच घालावा. दोष जागच्या जागीं राहिला, तर वाल्व व कॉम्प्रेशन पाहणें आलें. थंड इंजिनांत आंत घेणाऱ्या वाल्वची फट ०·१० मिलिमीटर व बाहेर सोडणाऱ्याची ०·३० मिलिमीटर असावी. पहिली म्हणजे वहीच्या कागदाएवढीच जाडी. वाल्व झिजून आपल्या आसनांत खोल बसतो, फट नाहींशी होते, तो पुरता मिटत नाहीं, आणि दाबलेली हवा निसटते. कॉम्प्रेशन नव्या इंजिनांत २४ ते ३० बार भरतें. सिलिंडरा-सिलिंडरांत ३ बारांहून अधिक अंतर असूं नये.

कांहीं गाड्या लंगडत नाहींत, तर त्यांचा वेग झोपाळ्यासारखा चढतो-उतरतो. याच कारखान्याच्या १९५४ सालच्या १८० डी मध्यें पंपाचा गव्हर्नर हवेच्या ओढीवर चालत असे व त्यांत एक पातळ पडदा होता. तो पडदा फाटला कीं झोके सुरू होतात. पंप न बदलतां केवळ पडदा बदलून ते थांबतात.

स्लोचा स्क्रू हा सर्वांत शेवटीं, इंजिन पुरतें तापल्यावर, फिरवावयाचा असतो. पुष्कळ मिस्त्री आरंभच तेथून करितात. फेरे हजारावर नेले कीं थरथर लोपते, गिऱ्हाईक खूष होऊन जातो, आणि चिरलेली नळी तशीच राहते. २४० डी मध्यें तर चालकाच्या समोरच फेरे वाढविण्याची एक खुंटी आहे. थंडींत गाडी तापेपर्यंत ती वापरावयाची असते. तपासणीपूर्वीं ती पुरती मागें फिरवलेली आहे कीं नाहीं, तें पाहून घ्यावें.