चारही चाकांचा जोर आणि व्यापाऱ्याचे भांडवल

पावसाळ्यातील आठवडी बाजार कसा असतो, हे फेरीवर जाणाऱ्या कापड व्यापाऱ्याला सांगण्याची गरज नाही. एका बाजाराच्या दिवशी डांबरी रस्ता सोडून मैदानाकडे वळताच आमचा टेम्पो चिखलात रुतला. मागचे एक चाक जागच्या जागी गरगर फिरत राहिले. ट्रॅक्टर मिळेपर्यंत दुपार झाली, खालच्या दोन गाठी भिजल्या आणि बाजार हातचा गेला. त्याच संध्याकाळी घरातील तरुण मंडळींनी विषय काढला, "चाचा, आता चारही चाके ओढणारी छोटी गाडी घ्याच."

गोष्ट मनाला पटली. परंतु माल घेताना आम्ही तागा उलगडून पाहतो, मग गाडी न पाहता कशी घ्यावी? चौकशीअंती जे हाती आले ते व्यापारी बांधवांपुढे ठेवीत आहोत.

आधी कारण समजून घ्या. साध्या गाडीत इंजिनाचा जोर पुढच्या किंवा मागच्या दोनच चाकांना जातो. त्या दोहोंमध्ये डिफरन्शियल असते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापता यावे, म्हणून ते लागते. पण एक चाक चिखलात सुटले की तेच फिरत राहते आणि कोरड्या जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. चारही चाकांना जोर दिला की ही अडचण पुष्कळ कमी होते.

असा जोर देण्याच्या दोन तऱ्हा आहेत. पहिलीत चालक स्वतः दांडा ओढून पुढची-मागची चाके जोडतो. तिच्यात सावकाश पण जबरदस्त ओढीचा 'लो' गिअरही असतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र हा जोड सोडावा लागतो, नाहीतर वळताना आतील भागांवर ताण येतो. दुसरीत गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते आणि ती घसरू लागताच यंत्रणा आपोआप मागे जोर पाठवते. ही निसरड्या रस्त्याला पुरते, खोल चिखलाला नाही.

आपल्या देशात अशी छोटी गाडी म्हटले की मारुतीची जिप्सी आठवते. ती १९८५ साली आली. तिची मूळ जात जपानच्या सुझुकीची जिम्नी, जी तेथे १९७० साली ३५९ सीसीच्या इंजिनावर निघाली होती. म्हणजे ही गाडी जन्मापासूनच लहान माणसाच्या खिशाचा विचार करून बनलेली. पाच दारांची जिम्नी आपल्याकडे जून २०२३ मध्ये आली. लांबी ३९८५ मिलिमीटर, जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर, खाली ट्रकसारखी मजबूत चौकट आणि 'लो' गिअर. चाक सुटले तर यंत्रणा त्याच चाकाला ब्रेक लावून दुसऱ्याकडे जोर वळवते. दुसऱ्या तऱ्हेच्या गाड्यांत २०२२ साली आलेल्या ग्रँड विटारा आणि टोयोटा हायरायडर यांची नावे घेता येतील. त्यांच्याही सगळ्याच प्रकारांत ही सोय नसते, हे विचारून घ्यावे.

आता तराजूचे दुसरे पारडे. जिम्नी चौघांची गाडी आहे. मागची बाके उभी असता सामानाला २०८ लिटर जागा, दुमडली तर ३३२ लिटर. कापडाची गाठ मोजणाऱ्याने यावरून काय ते समजावे. आली तेव्हा शोरूमचा भाव १२ लाख ७४ हजारांपासून सुरू होता. नोंदणी आणि विमा वेगळा.

कराचा हिशोब तर मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतील आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे. जिम्नी लांबीने बसते, पण तिचे इंजिन १४६२ सीसीचे, म्हणून ४० टक्के. वर अशा प्रवासी गाडीवर भरलेला जीएसटी सामान्य व्यापाऱ्याला परत वळवून घेता येत नाही. धंद्याच्या मालवाहू गाडीवर तो मिळतो. हा फरक किती लाखांत जातो, ते आपल्या मुनीमजींना विचारावे.

त्यात व्याजाचा प्रश्न. व्याजापासून दूर राहायचे तर रक्कम दुकानातूनच काढावी लागणार. ईदच्या मालात घातलेला पैसा फिरतो. गाडीत घातलेला पैसा दारात उभा राहतो आणि दर वर्षी झिजतो.

याचा अर्थ ही गाडी वाईट, असे नव्हे. हीच गुरुग्राममध्ये बनलेली जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानात जाहीर झाली, तेव्हा काही दिवसांतच सुमारे ५० हजार मागण्या आल्या आणि कंपनीला नोंदणी थांबवावी लागली. आपल्याकडे मात्र तिला तशी झुंबड नाही. माल तोच, पेठ वेगळी. ज्याची बाग, खाण किंवा बांधकाम कच्च्या वाटेवर आहे, ज्याला पावसातही सह्याद्रीच्या वाडीवस्तीवर पोहोचावेच लागते, त्याच्यासाठी ही चैन नाही, हत्यार आहे. ज्याची फेरी वर्षभर डांबरीवर असते, त्याने ती शेजाऱ्याला दाखवण्यासाठी घेतली तर तो इसराफ होय. आणखी एक गैरसमज काढून टाका. चारही चाकांच्या जोराने गाडी लवकर थांबत नाही. ब्रेक सगळ्याच गाड्यांना चारही चाकांवर असतात. उतारावर कामाला येतात ते चांगले टायर आणि बेताचा वेग.

गॅरेज लाईनमधील आपल्या तरुणांसाठीही दोन शब्द. या गाड्यांचा ट्रान्स्फर केस, पुढचा धुरा आणि विजेवर चालणारी जोडणी यांचे काम जो शिकेल, त्याला गिऱ्हाईक लांबून येईल. जुनी जिप्सी घेणाऱ्यानेही अशा कारागिराला सोबत न्यावे, चौकटीचा गंज पाहावा आणि मोकळ्या मातीत 'लो' गिअर घालून पाहावा.

आम्ही शेवटी काय केले? वर्षातून किती वेळा रुतलो ते मोजले, तर दोनदा. ट्रॅक्टरवाल्याला दिलेले पैसे आणि भिजलेला माल धरूनही गाडीचा खर्च कुठेच बसेना. टेम्पोला चांगल्या खोल नक्षीचे टायर घातले, एक जाड दोर आणि दोन फळ्या ठेवल्या, गाठींखाली ताडपत्री आली. पाऊस असला की टेम्पो डांबरीवरच उभा करतो आणि हमालाला चार पैसे देऊन माल मैदानात नेतो. त्यालाही रोजी मिळते आणि आमचा बाजारही चुकत नाही. घरातील तरुण मंडळी अजून थोडी नाराज आहेत. त्यांना आम्ही इतकेच सांगतो की, फेरी ज्या दिवशी कच्च्या वाटेवर वाढेल, त्या दिवशी इन्शाअल्लाह हा हिशोब पुन्हा मांडू.