पहिली संगणक-भाषा कोणती शिकावी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की औंढा नागनाथ, वसमत, हिंगोली भागातील पालकांपुढे हा प्रश्न येतो. मुलाला किंवा मुलीला प्रोग्राम लिहायला शिकायचे आहे. पण फी कशाची भरावी? सीची, जावाची की पायथनची? फी हा कष्टाचा पैसा आहे, म्हणून आधी थोडी माहिती करून घेतलेली बरी.

सी ही भाषा १९७२ च्या सुमारास डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार केली. ती अत्यंत वेगवान आहे, परंतु मेमरीचा हिशेब शिकणाऱ्याला स्वतः ठेवावा लागतो. जावा १९९५ साली आली व मोठ्या कंपन्यांच्या कामात रुळली. तिची मांडणी मात्र नवशिक्याला जड वाटते. गिडो व्हान रॉसम यांची पायथन १९९१ ची. ती विनामूल्य मिळते, तिची वाक्ये आटोपशीर असतात आणि चूक कोणत्या ओळीत झाली ते लवकर कळते.

आमच्या मते सुरुवात पायथनने करावी. याचा एक दाखला औंढ्याच्या दारातच आहे. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया प्रयोगशाळेसाठी औंढ्याजवळची जागा निवडली गेली व एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोने १४ सप्टेंबर २०१५ रोजी अशी लहर प्रथम टिपली. ती नोंद आज कोणालाही मोफत मिळते आणि ती अभ्यासण्याचे धडे पायथनमध्येच दिले आहेत. जेथे वेग हवा तेथे हेच शास्त्रज्ञ सी वापरतात. म्हणजे एक भाषा आली की दुसरीची गरज कामच सांगते. अर्थात, पायथन आली म्हणून प्रयोगशाळेत नोकरी मिळेल, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये.

शिकताना काम आपल्या व्यवहारातले घ्यावे. हळदीचे वजन व भाव घालावा, हमाली-तोलाई वजा करावी आणि हाती पडणारी रक्कम काढावी. एवढी हिशेबपट्टी जमली की गुणाकार, अटी व याद्या आपोआप समजतात. नंतर दुकानाच्या उधारीची वही घ्यावी. घरी संगणक नसेल तर मोबाइलच्या ब्राउझरवरही सुरुवात होते.

एक अपवाद लक्षात ठेवावा. ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आहे, तेथे सी असेल तर सीच आधी शिकावी. परीक्षा सोडून दुसरीकडे धावू नये.

पालकांना आमची विनंती एवढीच की, एकाच वेळी तीन भाषांची फी भरू नका. एक महिना घरीच सराव करू द्या. मुलाने स्वतःची हिशेबपट्टी चालवून दाखवली, तर मग क्लासचा विचार करा. एक भाषा वर्षभर नेटाने केलेली, चार प्रमाणपत्रांपेक्षा अधिक उपयोगी पडते.