फितीवरचा काळ

१४ एप्रिल १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना ६५ वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी अमेरिकेत शिकागो येथे ॲम्पेक्स कंपनीने चालते-बोलते दृश्य चुंबकीय फितीवर टिपणारे यंत्र, म्हणजेच व्हिडिओ रेकॉर्डर, जाहीरपणे दाखविले. बरोबर सहा महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. योगायोगच हा, परंतु विचार करावयास लावणारा.

आवाज फितीवर उतरविणे तोवर सुलभ झाले होते. चित्राच्या संकेतात मात्र सेकंदाला लाखो आंदोलने. ती पकडावयाची तर फीत अचाट वेगाने पळवावी लागे. चार्ल्स गिन्सबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी फितीऐवजी मुद्रण करणारे हेडच फिरविले. मिनिटाला १४,४०० फेरे घेणाऱ्या चकतीवरील चार हेड दोन इंच रुंद फितीवर आडव्या रेघा ओढीत आणि फीत सेकंदाला १५ इंचच सरके. किंमत सुमारे ५० हजार डॉलर! ३० नोव्हेंबरला सीबीएसने या फितीवरून बातमीपत्र दाखविले, तेही पश्चिम किनाऱ्यासाठी, कारण तेथील घड्याळ न्यूयॉर्कच्या तीन तास मागे. हे यंत्र स्मरणासाठी नव्हे, विलंबासाठी जन्मले. फीत महाग, म्हणून काम झाले की पुसून पुन्हा वापरावयाची.

त्यानंतर सहाच दिवसांनी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. भारतात तेव्हा दूरदर्शनही नव्हते. मुंबईतील अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी पदरमोड करून फिल्मवर टिपली, म्हणून ती आज दिसते.

पुढे १९७६ मध्ये जेव्हीसीने व्हीएचएस कॅसेट आणली आणि १९८३ मध्ये सोनीने कॅमेरा व रेकॉर्डर खांद्यावर पेलण्याजोग्या एकाच पेटीत बसविले. त्याच दशकात झगझगीत दिव्यांसह व्हिडिओवाला नागपूरच्या लग्नमांडवांत शिरला. श्रीमंतांची ही हौस म्हणून तिची थट्टाही झाली. पण त्याच कॅमेऱ्यांपुढून जयंतीच्या मिरवणुका गेल्या, शाळांची संमेलने झाली, आज हयात नसलेली माणसे बोलून गेली.

त्या कॅसेट आता कपाटांत पडून आहेत. दमटपणाने फितीवरील लेप चिकट होतो आणि नागपूरचा उन्हाळाही तिला मानवत नाही. त्यातच जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. विद्यापीठाने वा एखाद्या जुन्या ग्रंथालयाने चालू स्थितीतील दोन-चार यंत्रे आणि एक जाणता कारागीर मिळविला, तर या फिती संगणकावर उतरविता येतील. वडीलधारी मंडळी आहेत तोवर त्यांतील चेहऱ्यांची नावेही विचारून घेता येतील.