६१७४ : गूढ नव्हे, वजाबाकी

चार अंकी संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने मांडून होणारी संख्या वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा हेच करायचे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे हलत नाही, कारण ७६४१ − १४६७ = ६१७४. देवळालीला शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत हे मांडले. आज ते ‘कोणतीही संख्या घ्या’ असे सांगत फिरते आणि ६१७४ मध्येच काही गूढ शक्ती असल्याचे सुचवले जाते. ‘कोणतीही’ हे तर लगेच चुकते. ४४४४ घेतली तर पहिल्याच वजाबाकीत शून्य उरते; निदान दोन अंक वेगळे हवेतच. शिवाय शून्य गाळायचे नाही. २१११ मधून १११२ गेले की ९९९ उरतात. ते ०९९९ असे लिहिले तर पुढे ८९९१, ८०८२, ८५३२ आणि ६१७४ येतात. शून्य सोडले तर ९९९ − ९९९ होऊन खेळ तिथेच संपतो.

आता गूढाचे पाहू. उतरत्या क्रमातले अंक अ, ब, क, ड मानले तर वजाबाकीचे उत्तर नेहमी ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढे येते. म्हणजे मूळ अंक कोणते याला महत्त्वच नाही, फक्त हे दोन फरक उरतात. पहिला फरक १ ते ९ मधला आणि दुसरा पहिल्याहून मोठा नाही, म्हणून शक्य जोड्या अवघ्या ५४. पात्र असलेल्या ८,९९१ चार अंकी संख्या पहिल्याच पायरीला या ५४ उत्तरांत येतात. तेवढी तपासली की सिद्धता पुरी होते. ६१७४ साठी फरक ६ आणि २ आहेत: ५९९४ + १८० = ६१७४. तिची बाकीची वैशिष्ट्ये, उदाहरणार्थ ६१७४ = १८ + १८² + १८³, किंवा अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भागल्यावर येणारा ७ चा घन ३४३, सुंदर आहेत; पण ती या स्थैर्याचे कारण नाहीत.

यावर आक्षेप येतो की मग ही नुसती लेखनपद्धतीची करामत झाली, गणित कुठे आहे? आक्षेपातला अर्धा भाग मान्यच करायला हवा. दशमान पद्धती सोडून चारच्या पायावर लिहिले तर ३०२१ स्थिर राहते, पण २०२२ आणि १३३२ एकमेकींत फिरत बसतात. मात्र उरलेला अर्धा भाग टिकत नाही. संख्या मर्यादित असल्याने कधीतरी पुनरावृत्ती होणार हे ठरलेलेच. सगळ्यांनी एकाच संख्येवर थांबावे हे मुळीच ठरलेले नाही. दोन अंकांत ०९, ८१, ६३, २७, ४५ हे चक्र चालते. तीन अंकांत ४९५ हा एकच स्थिरांक मिळतो. पाच अंकांत एकही स्थिरांक नाही, तीन वेगवेगळी चक्रे आहेत. त्यांतल्या एकात ५३९५५ आणि ५९९९४ ही जोडी अखंड फिरते. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ असे दोन स्थिरांक आहेत, शिवाय एक चक्रही. अशा विस्कळीत रांगेत चार अंकांच्या सगळ्या ५४ जोड्या एकाही चक्रात न अडकता ६१७४ वर येतात, हे सूत्र नुसते पाहून कुणाला सांगता आले नसते. जोड्या एकेक करून तपासाव्याच लागतात.