बास गिटारची मान

बास गिटार शिकायला घेतलेली बरीच मुलं काही महिन्यांतच ती कपाटावर ठेवून देतात. बोटं दुखतात म्हणतात. घरच्यांना वाटतं, रियाज टाळायचा बहाणा आहे. मी मात्र मुलांची बाजू घेईन. पुष्कळदा दोष बोटांचा नसतो. तारा मानेपासून फार वर असतात, आणि त्या दाबता दाबता कुणाचीही हौस फिटेल.

आमचं सिल्व्हर पार्क मीरा रोडला. आसपास खाडी आणि मिठागरं. पावसाळ्यात इथे पापड सादळतात, दारं चौकटीत अडकतात. मग गिटारची लाकडी मान तरी जागची कशी राहील? त्यात चार जाड तारा मिळून तिला सुमारे ७० ते ८० किलोंच्या जोराने ओढत असतात. या ओढीला तोंड देण्यासाठी मानेच्या आत पोलादी सळई बसवलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीला या युक्तीचं पेटंट १९२३ मध्ये मिळालं. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बास बाजारात आणला, त्याच्या मानेतही अशी सळई होती.

आता मान बघायची कशी? आधी तारा सुरात लावा. मग जाड तार पहिल्या पडद्यावर दाबा आणि जिथे मान धडाला मिळते तिथेही दाबा. ताणलेली तार सरळच असते, म्हणजे तीच आपली पट्टी. सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार आणि पडदा यांच्यामध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकावं. एवढी फट हवीच, कारण तार मधोमध सर्वांत जास्त झुलते, आणि बासची तार तर फारच. मान अगदी ताठ असली तर तार पडद्यांवर आपटते आणि खरखर ऐकू येते. आपल्याकडे ताठ मानेचं कौतुक असतं; इथे मात्र ती किंचित झुकलेलीच बरी.

गंमत अशी की हीच खरखर आपल्या तंबोऱ्याला जाणूनबुजून दिली जाते. तिला जवारी म्हणतात. मिरजेचे सतारमेकर घोडीचा माथा घासून घासून असा करतात की तार त्याला अलगद शिवत राहते; मग तारेखाली दोरा सरकवून नेमकी जागा शोधायची. तिथे ना स्क्रू ना माप, कान हाच गज. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात ही वाद्यं घडवायला घेतली, त्यांत फरीदसाहेबांचं नाव आदराने घेतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

पुन्हा बासकडे येऊ. फट जास्त असेल तर सळईचा नट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा, मान सरळ होते. फट नसेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सूर लावून मोजायचं. नट घट्ट लागला तर हात आवरा आणि कारागिराकडे जा. सळई तुटली तर दुरुस्ती फार महागात पडते.

एक गोष्ट मुलांना मी बजावून सांगतो. सळई मानेचा बाक ठरवते. तारांची उंची ठरते घोडीवर. हा क्रम उलटा केला की दोन्ही बिघडतात. मान जमली की मग घोडीवरच्या प्रत्येक तारेचे दोन छोटे स्क्रू फिरवून बाराव्या पडद्यावर मोजा. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर, बारीक तारेखाली दोन. जोरात वाजवणाऱ्याने थोडी जास्त ठेवावी. उंची बदलली की सूरही जरा सरकतो. बाराव्या पडद्यावरचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर दुप्पट उंच यायला हवा. तो चढा येत असेल तर घोडीचा तो तुकडा मागे घ्यायचा, उतरता असेल तर पुढे.

तारांची जाडी बदलली की हे सगळं नव्याने करावं लागतं. आमच्यासारख्या खाडीकाठच्या लोकांनी तर ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की पुन्हा एकदा ते कार्ड सरकवून बघावं.