ओळखीचा माणूस आणि नोंदणी क्रमांक

खेड-चिपळूणकडच्या घरांत आखाताचा विषय निघाला की पगाराच्या आधी विचारले जाते, ‘कुणामार्फत?’ या लेखासाठी फिरताना भेटलेल्या एका तरुण वेल्डरचे म्हणणे साधे होते: मुंबईच्या ऑफिसला लायसन असेल, पण गावातला मध्यस्थ फसवून जाणार कुठे? त्याच्या दारात जाऊन बसता येते.

कायदा नेमका उलट आहे. १९८३ च्या उत्प्रवासन अधिनियमानुसार नोंदणीशिवाय परदेशी भरती करता येत नाही. म्हणजे दारात बसण्याजोगा हा माणूसच बेकायदा. नोंदणीकृत एजन्सीची सरकारकडे बँक हमी असते, तिला कामगाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही आणि तिचा क्रमांक ‘ई-मायग्रेट’वर पडताळता येतो. तरीही भरवसा मध्यस्थावर. याला अडाणीपणा म्हणायला मी तयार नाही. क्रमांकाला जाब विचारता येत नाही, एवढे लोकांना कळते.

गोम आहे ती प्रशिक्षणात. सेवाशुल्काला मर्यादा असली तरी ‘ट्रेनिंग’, ‘ट्रेड टेस्ट’, ‘फाइल’ अशा नावांनी रक्कम फुगवता येते. प्रवासापूर्वीचे मार्गदर्शन सरकार मोफत देते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाय सौदी अरेबिया आता वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांची कौशल्यपरीक्षा स्वतःच भारतातल्या केंद्रांवर घेववतो. तिथे एजन्सीचे सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र चालत नाही. म्हणून एजन्सीला विचारावे ते एवढेच: तुमच्याकडे शिकलेल्यांपैकी किती जण त्या परीक्षेत उतरले?

एका प्रशिक्षण केंद्रात मी रविवारची बैठक पाहिली. पैशांचा विषय काढण्याआधी करारनामा मराठीत वाचून दाखवला. मग परतलेल्या एका कामगाराला उभे केले आणि संचालक स्वतः बाहेर जाऊन बसले. उन्हात दहा-दहा तास उभे राहावे लागते, ओव्हरटाइम दर महिन्याला मिळतोच असे नाही, हे त्याने सांगितले. एका आईने विचारले, पासपोर्ट कुणाकडे राहतो? उत्तर फारसे दिलासा देणारे नव्हते. दोन मुले उठून गेली. बाकीच्यांनी अर्ज भरले. गेलेल्या दोघांमुळेच मला ते केंद्र खरे वाटले.

तो वेल्डर मात्र गावातल्या माणसाकडेच गेला. गेल्या महिन्यात त्याने ऑफर लेटरचा फोटो पाठवला. वरचा नोंदणी क्रमांक खरा निघाला. पण तो दुसऱ्याच एजन्सीचा होता. सुदैवाने पैसे अजून दिलेले नव्हते.