फेसाची पारख

पश्चिम रेल्वेची गाडी दहिसर मागे टाकून मीरा रोड व भाईंदर या स्थानकांवरून वसईच्या खाडीकडे निघाली, म्हणजे इमारतींच्या रांगांमधून अधूनमधून जी बांधांनी चौकोन पाडलेली मिठागरे दृष्टीस पडतात, ती या वसाहतीच्या जुन्या चरितार्थाची खूण होय. १९८५ साली नगरपरिषद आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झालेल्या मीरा-भाईंदरचे रूप आज सर्वस्वी उपनगरी असले, तरी साष्टीच्या या उत्तर टोकावरील आगरी व कोळी गावांचा संसार पूर्वापार भात, मासळी आणि मीठ या तिहींवर चाले. अशा खाऱ्या मुलखात राहून दाढीच्या साबणाचा परिचय करून देण्यास एक विशेष प्रयोजन आहे. साबणाच्या धंद्यावर मिठाचे ऋण फार मोठे आहे, आणि त्या धंद्यातील ज्या थोड्या जाती ऐन घडणीच्या वेळी मिठाला हात लावू देत नाहीत, त्यांत दाढीच्या साबणाचा मान पहिला आहे.

साबणाच्या मोठ्या कारखान्यात मिठाचे काम दुहेरी असते. १७९१ साली निकोला लब्लां या फ्रेंच रसायनज्ञाने साध्या मिठापासून सोडा काढण्याची कृती सिद्ध केली, तेव्हापासून साबणाचा क्षारच मुळी मिठातून येऊ लागला; आजचा कॉस्टिक सोडाही मिठाच्या द्रावणातून वीज खेळवूनच काढतात. दुसरे काम कढईतले. तेल व क्षार यांचा संयोग पुरा झाला, की त्यात मीठ टाकतात. त्यासरशी साबण दह्याच्या कवडीसारखा वर येतो आणि तेलातून सुटलेले ग्लिसरीन खालच्या खारट पाण्यात उतरते. ते पुढे शुद्ध करून औषधे व इतर मालासाठी वेगळे विकावयाचे, आणि वर आलेल्या साबणाच्या वड्या पाडावयाच्या, असा हा हिशेबी कारभार असतो. अंगाला लावण्याच्या साबणास त्याने फारशी हरकत येत नाही. दाढीच्या साबणाचे मात्र त्याने भागत नाही, कारण त्याचे कामच निराळे आहे.

मळ काढणे हे अंगाच्या साबणाचे कर्तव्य. दाढीच्या साबणाने केस मऊ करावयाचा, तो उभा धरावयाचा आणि पाते व त्वचा यांच्यामध्ये ओलसर, निसरडा पडदा दाढी संपेपर्यंत टिकवून ठेवावयाचा. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो. कोरडा असता तो पात्याला चिवटपणे अडवतो, आणि दोन-तीन मिनिटे कोमट पाणी शोषल्यावर पुष्कळच कमी जोराने कापला जातो. म्हणून फेसाची किंमत त्याच्या उंचीवर न करता, त्याने किती पाणी किती वेळ धरून ठेवले, यावर करावी लागते. ज्याला ही पारख करावयाची असेल, त्याने डब्याचा घाट, चंदनाचा वास आणि ‘हस्तनिर्मित’ हा शिक्का बाजूस ठेवून तीनच प्रश्न विचारावेत : क्षार कोणता, स्नेह कोणता आणि पाणी कोणते.

प्रथम क्षाराचे पाहू. टिकाऊ, दाट आणि बारीक बुडबुड्यांचा फेस स्टिअरिक आम्लापासून मिळतो. चरबीच्या घटकांचे पृथक्करण करून हे आम्ल ओळखण्याचे श्रेय मिशेल शव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाकडे जाते. त्याचा या विषयावरील ग्रंथ १८२३ साली प्रसिद्ध झाला. परंतु याच आम्लाचा सोड्याशी संयोग झाला, की जो साबण तयार होतो तो दगडासारखा कठीण आणि गार पाण्यात जवळजवळ न विरघळणारा निघतो. ब्रश फिरवून फिरवून मनगट दुखावे आणि हाती पातळ पाणी लागावे, अशी त्याची तऱ्हा. पोटॅशचा साबण मऊ व सहज विरघळणारा असतो. आपल्या वैद्यकाला हे दोन्ही क्षार जुनेच परिचयाचे आहेत : जवाच्या राखेचा यवक्षार हा पोटॅशच्या जातीचा, आणि सज्जीखार हा सोड्याच्या. दाढीच्या साबणाचा कर्ता या दोहोंचा मेळ घालतो व पोटॅशचा वाटा बहुधा अधिक ठेवतो. अशा मिश्रणात मीठ पडले, तर मिठातला सोडा पोटॅशला हुसकून त्याची जागा बळकावतो आणि सगळा खटाटोप व्यर्थ जातो. मिठाला येथे मज्जाव असतो तो या कारणाने.

स्नेहाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, आणि मीरा-भाईंदरमध्ये तर विशेषच, कारण गुजराती व राजस्थानी जैन कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. पाश्चात्य देशांतील जुने नामांकित दाढीचे साबण गुरांच्या चरबीवर पोसलेले आहेत. आपल्याकडे आर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली प्राणिज चरबीविरहित साबण बाजारात आणला, त्यामागे व्यापारी धोरणाइतकीच इथल्या धर्मभावनेची जाण होती. आणि १९८३ साली आयात चरबी वनस्पती तुपात मिसळली जात असल्याचे प्रकरण उघडकीस आल्यावर या विषयाची संवेदनशीलता सर्वांच्याच प्रत्ययास आली. चरबीत स्टिअरिक आम्ल सुमारे पाचवा हिस्सा असते आणि पामिटिक आम्लाची त्याला चांगली जोड असते. शाकाहारी कारागिराला ही जोडगोळी अन्यत्र शोधावी लागते. पामतेलातून तिचा एक भाग मिळतो, दुसऱ्यासाठी तो तयार स्टिअरिक आम्ल विकत घेतो. वास्तविक हे आम्ल भरघोस देणारे एक झाड कोकणच्या परसात उभे आहे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर तरंगणारा जो स्नेह काढतात आणि हाताने वळून ठेवतात, त्या मुठेलात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून अधिक असते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या टाचांच्या भेगांना लावले गेले. आता साबणकर्ते त्याची आवर्जून मागणी करू लागले आहेत. त्याच्या जोडीला जलद फेसासाठी खोबरेल, ज्यात लॉरिक आम्ल निम्म्याच्या आसपास असते, आणि फेस धरून ठेवण्यासाठी थोडे एरंडेल घातले, म्हणजे चरबीवाचून अडत नाही. खोबरेलाचा हात मात्र आखडता हवा. त्याचे बुडबुडे मोठे व अल्पायुषी असतात, आणि प्रमाण वाढले तर त्वचा कोरडी पडते.

घडणीची रीतही समजून घेण्याजोगी आहे. अंगाचा घरगुती साबण थंड पद्धतीने करता येतो. तेल आणि क्षारजल घोटून साच्यात ओतावे आणि आठवडेच्या आठवडे मुरू द्यावे. स्टिअरिक आम्ल सुमारे ६९ अंश सेल्सिअसला वितळते आणि क्षाराचा स्पर्श होताच त्याचा साबण होऊन गोळा बनतो; म्हणून दाढीचा साबण मंद आचेवर शिजवावा लागतो. काही वेळाने तो घट्ट गोळा सैल होऊन उकडलेल्या बटाट्याच्या लगद्यासारखा न राहता चकचकीत, अर्धपारदर्शक होतो, तेव्हा तो सिद्ध झाला असे समजतात. क्षाराचे वजन काटेकोर करून स्नेहाचा काही शतांश अंश मुद्दाम मोकळा ठेवतात, जेणेकरून उरलेला क्षार त्वचेस दाहक होऊ नये. येथे एका लोकप्रिय समजुतीचे निरसन करणे अवश्य आहे. हस्तनिर्मित साबणात ग्लिसरीन आपोआप शाबूत राहते, असे विक्रेते सांगतात. तेलापुरते ते खरे. परंतु विकत आणलेले स्टिअरिक आम्ल हे ग्लिसरीन अगोदरच काढून घेतलेले आम्ल असते, त्यामुळे ज्या साबणाचा अर्धा भाग त्याचा, त्यात अर्धे ग्लिसरीन मुळातच गैरहजर. चाणाक्ष कारागीर ते वरून घालतो. मुठेलाचा पक्ष या ठिकाणी बळकट ठरतो, कारण तो अखंड स्नेह असल्याने आपले ग्लिसरीन घेऊनच येतो.

आता तुलना. अमेरिकेतील कनेक्टिकटच्या जे. बी. विल्यम्स यांनी १८४० साली धंदा मांडला, तेव्हापासून मगात ठेवावयाची कठीण वडी रूढ झाली. इंग्रजी घराण्यांनी ती रुळांमधून पुनःपुन्हा दाबून, हवा व पाणी घालवून, लाकडी वाटीत बसविली. ही वडी महिनोन्‌महिने टिकते, पण ब्रशला साबण देताना कृपणपणा करते. इटालियन परंपरा नेमकी उलट : मिलानच्या १८९९ सालच्या चेल्ला घराण्याचा बदामी वासाचा साबण किंवा फ्लॉरेन्सच्या प्रोरासोचा निलगिरी व मेंथॉलचा थंडावा देणारा, हे दोन्ही बोटाने दाबता येण्याइतके मऊ, आणि न्हाव्याच्या दुकानात वेळ वाचवणारे. तुर्कस्तानची आर्को कांडी थेट ओल्या गालावर घासावयाची. स्वस्त, कामसू आणि वासाने काहीशी धोबीघाटी. आपल्याकडील गोदरेजची गोल वडी साधी, प्रामाणिक आणि मोजक्या पैशांत मिळणारी. हस्तनिर्मित साबण यांच्या मधोमध उभा राहतो. तो रुळांत दाबलेला नसल्याने त्यात पाणी अधिक, म्हणून ब्रशला लवकर लागतो व लवकर संपतोही. प्रत्येक घाणा किंचित वेगळा उतरतो. निसरडेपणा आणि दाढीनंतरचा मऊपणा मात्र चांगल्या घाण्यात उत्तम कारखानी मालाच्या वरताण असतो. किमतीचा तराजू त्याच्या विरुद्ध झुकलेला आहे. परंतु एका वेळेस एक-दोन ग्रॅमच खर्ची पडतात, हा मुद्दाही हिशेबात धरला पाहिजे.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि स्थानिक अनुभव येथेच निर्णायक ठरतो. शहराला नळाचे पाणी मुख्यतः ‘स्टेम’ प्राधिकरण व औद्योगिक विकास महामंडळ यांच्याकडून, उल्हास नदीतून येते. ते साबणाला अनुकूल असते. टंचाईच्या दिवसांत टँकरचे वा कूपनलिकेचे पाणी वापरावे लागले, की खाडीकाठच्या जमिनीतील क्षार त्याबरोबर येतात. अशा जड पाण्यातील कॅल्शियमची स्टिअरिक आम्लाशी गाठ पडली, की न विरघळणारा चिकट साका तयार होतो. फेस पातळ पडतो आणि ब्रशच्या केसांना पांढरा थर धरतो. गंमत अशी, की ज्या साबणात स्टिअरिक आम्ल जितके समृद्ध, तितका तो या पाण्यात अधिक घायाळ होतो. जाणता कारागीर म्हणून सायट्रिक आम्लाचा क्षार किंचित मिसळून कॅल्शियमला अडकवून टाकतो. गिऱ्हाइकाकडेही सोपा उपाय आहे : फेसाला लागणारे पाणी अर्धी वाटीसुद्धा नसते, तेवढे घरातील शुद्धीकरण यंत्राचे घ्यावे. पावसाळ्यात आणखी एक पाहावयास मिळते. खाडीवरच्या दमट हवेतील बाष्प ग्लिसरीन ओढून घेते आणि उघड्या डब्यातील साबणावर दवाचे थेंब साचतात. पुष्कळजण तो साबण नासला असे समजून टाकून देतात. वस्तुतः तो ग्लिसरीन असल्याचा पुरावा आहे. डबा वाऱ्यावर कोरडा होऊ देऊन मग झाकण लावावे, एवढेच.

या सर्व शास्त्राचा मूळ वारसदार नाभिक होय. त्याच्या धोकटीत वस्तरा, तो पाजळण्याचा पट्टा, कातर, नराणी व तुरटी यांना स्थान होते, आणि कित्येक गावी साबणावाचून नुसते पाणी चोळून तो इतका मऊ हात चालवी, की गिऱ्हाइकाला डुलकी लागे. तेच पाणी चोळणे हे केस भिजविण्याचे शास्त्र होते. मीरा रोडच्या केशकर्तनालयात आज नळीतील क्रीम, अर्धे पाते बसविण्याचा वस्तरा आणि पुढचे गिऱ्हाईक यांची घाई आहे. पाते दर माणसाला नवे घेण्याचा रिवाज एड्सविषयीच्या जागृतीनंतर दृढ झाला, आणि तो इष्टच होय. साबणाच्या वाटीचा विलंब मात्र दुकानाला परवडत नाही, म्हणून ती आता घराच्या आरशासमोर आली आहे.

घरी करून विकणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये : १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये सौंदर्यप्रसाधनाच्या व्यापारी उत्पादनास परवाना लागतो, आणि वेष्टनावर घटकांची यादी द्यावी लागते. ही यादी गिऱ्हाइकाच्या उपयोगाची आहे. तिच्या आरंभीच स्टिअरिक आम्ल किंवा त्याने समृद्ध स्नेह असावा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे नाव सोडियम हायड्रॉक्साइडच्या आधी यावे, आणि ग्लिसरीनचा उल्लेख असावा. एवढे जुळले, तर तो डबा हाताने केलेला असो वा यंत्राने, विकत घेण्यास हरकत नाही. नुसत्या खोबरेलाची, चंदनाचा वास लावलेली वडी ‘दाढीसाठी खास’ म्हणून पुढे केली, तर विक्रेत्याला नम्रपणे नकार द्यावा, किंवा ती अंघोळीपुरतीच घ्यावी.